राज्ये कोणी बुडविली? : प्राचीन चीनमधील चार रूपवती

एखादे राज्य का बुडाले, असा प्रश्न वर्गात विचारला, तर उत्तरादाखल बहुधा एखादी गोष्ट ऐकावयास मिळते. खजिना रिता झाला होता, सैन्याचा पगार थकला होता, सरदारांत फूट पडली होती, ही कारणे विद्यार्थ्यांस पाठ करावी लागतात. परंतु राजा एका स्त्रीच्या नादी लागला, हे कारण मात्र न शिकविताच त्यांच्या ध्यानात राहते. ते ध्यानात राहते म्हणून खरे ठरत नाही, हे सांगण्याचे काम इतिहासाच्या अध्यापकाचे आहे. या दृष्टीने प्राचीन चीनमधील चार रूपवतींच्या कथा आम्हांस विशेष उद्बोधक वाटतात. इतिहासलेखनाची सलग आणि कालानुक्रमी परंपरा चीनइतकी क्वचितच कोठे आढळेल. अशा देशातही राज्यनाशाची ही कारणमीमांसा किती खोल रुजली आणि तेथल्याच काही लेखकांनी तिला कसा विरोध केला, या दोन्ही गोष्टी या कथांत एकत्र पाहावयास मिळतात.

या चार स्त्रिया म्हणजे शी-शिह, वांग चाओ-चुन, तिआओ-छान आणि यांग क्वेइ-फेइ. पहिली इ. स. पूर्व पाचव्या शतकातील, दुसरी इ. स. पूर्व पहिल्या शतकातील, तिसरी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरची आणि चौथी आठव्या शतकातील. म्हणजे पहिली आणि चौथी यांच्यामध्ये बाराशे वर्षांचे अंतर आहे. त्यांना एका माळेत ओवण्याची प्रथा पुष्कळच उत्तरकालीन होय. लोकपरंपरेने प्रत्येकीस एकेक वर्णन वाटून दिले आहे. शी-शिहला पाहून मासे पोहणे विसरले व तळाशी गेले; चाओ-चुनला पाहून उडते रानहंस खाली उतरले; तिआओ-छानपुढे चंद्र ढगाआड झाला; आणि क्वेइ-फेइपुढे फुलांनी लाजून मान खाली घातली. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर चंद्र आणि फूल यांची ही वर्णने म्हणजे शुद्ध व्यतिरेक अलंकार आहेत. उपमेयापुढे उपमानच हार खाते.

या वर्णनांपैकी माशांच्या वर्णनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याचे मूळ च्वांग-त्सू या तत्त्वचिंतकाच्या ग्रंथात सापडते, आणि तेथे त्याचा अर्थ अगदी उलट आहे. माणसे ज्या स्त्रियांना सुंदर म्हणून वाखाणतात, त्यांना पाहून मासे खोल पाण्यात दडतात आणि पक्षी दूर उडून जातात. मग सौंदर्याची खरी कसोटी कोणाजवळ आहे, असा त्याचा प्रश्न होता. म्हणजे मासे मोहाने नव्हे, भीतीने पळत होते. सौंदर्य हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते, हे सांगण्यासाठी योजलेला दृष्टांत पुढील शतकांनी सौंदर्याच्या निर्विवाद स्तुतीसाठी वापरला. शब्द तेच राहिले, अर्थ मात्र पालटला. या चौघींच्या चरित्रांचेही पुढे हेच झाले.

चौघींकडे वळण्यापूर्वी त्यांच्याही आधीच्या तीन स्त्रियांचा निर्देश करणे अवश्य आहे. कारण आरोपाचा साचा तेथेच तयार झाला. श्या वंशाचा नाश मो-शीमुळे, शांग वंशाचा ता-चीमुळे आणि पश्चिम चौ राजवटीचा पाओ-स्सूमुळे झाला, असे चिनी परंपरा मानीत आली. इ. स. पूर्व १८ च्या सुमारास ल्यू शिआंग या विद्वानाने स्त्रियांच्या चरित्रांचा एक ग्रंथ संकलित केला, त्यात एक संपूर्ण प्रकरण अशा राज्यनाशिनींसाठी राखून ठेवले आहे. हा ग्रंथ त्याने तत्कालीन हान सम्राटाला अंतःपुरातील प्राबल्याविषयी सावध करण्यासाठी रचला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भर दरबारात सम्राटाचे दोष दाखविणे धोक्याचे होते. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राणीचे दोष दाखविणे त्या मानाने सुरक्षित होते.

पाओ-स्सूची कथा तर शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ती कधी हसत नसे, तिला हसविण्यासाठी यू राजाने धोक्याचे जाळ पेटविले, मांडलिक राजे धावत आले आणि फसले, आणि इ. स. पूर्व ७७१ मध्ये शत्रू खरोखर चालून आला, तेव्हा कोणीच आले नाही. पेइचिंगच्या छिंग-ह्वा विद्यापीठास २००८ साली बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचे ग्रंथ मिळाले. त्यांतील एका इतिहासग्रंथात याच प्रसंगाची हकीकत आहे. तीत पाओ-स्सू आहे, परंतु जाळही नाहीत आणि हास्यही नाही. राजाने पट्टराणीच्या पुत्रास दूर केले, तो आपल्या आजोळी गेला, त्याला पकडण्यासाठी राजाने त्या राज्यावर स्वारी केली आणि त्या राज्याने पश्चिमेकडील टोळ्यांशी हातमिळवणी करून राजाला ठार केले, असा सरळ वारसाहक्काचा तंटा तेथे सांगितला आहे. गोष्ट फिकी झाली खरी. पण इतिहास उजळला.

आता शी-शिहकडे पाहू. कथा अशी : आग्नेय चीनमध्ये वू आणि यूए ही दोन शेजारी राज्ये होती. इ. स. पूर्व ४९४ मध्ये वू राज्याच्या फू-छाइने यूएच्या कौ-चिएनचा पराभव केला. मानहानी सोसून स्वराज्यात परतलेल्या कौ-चिएनने सूड घेण्यासाठी दोन सुंदर मुली निवडल्या. त्यांपैकी एक ओढ्यावर सूत धुणारी शी-शिह. तीन वर्षे त्यांना चालणे, बोलणे आणि वेषभूषा यांचे शिक्षण दिले आणि मग फू-छाइला नजर केले. फू-छाइ विलासात बुडाला आणि इ. स. पूर्व ४७३ मध्ये वू राज्य नष्ट झाले.

यातील युद्ध, पराभव व नाश या गोष्टी निश्चित ऐतिहासिक आहेत. कौ-चिएनची कांस्य तलवार १९६५ साली हूपेइ प्रांतातील एका थडग्यात सापडली. तिच्यावर त्याचे नाव कोरलेले आहे. त्याच परिसरात १९८३ साली फू-छाइचे नाव असलेले भाल्याचे पातेही मिळाले. दोन्ही राजांची शस्त्रे अशी हाती आली. पण जिच्यामुळे हे सर्व घडले म्हणतात, ती स्त्री या युद्धाच्या जुन्या इतिवृत्तांत कोठेच नाही. सुमा छिएनसारख्या महान इतिहासकारानेही या दोन राज्यांची कथा सांगताना तिचे नाव घेतलेले नाही. तिचे नाव प्रथम आढळते ते तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत, आणि तेही सौंदर्याचे प्रमाण म्हणून. मेन्शियस म्हणतो की, शी-शिहच्याही अंगाला घाण लागली तर लोक नाक दाबूनच जातील. च्वांग-त्सू सांगतो की, छातीत दुखत असल्याने ती कपाळाला आठ्या घाली आणि त्या तिला शोभून दिसत; शेजारच्या कुरूप स्त्रीने तिचे अनुकरण केले, तेव्हा गावातील लोक दारे लावून बसले. मो-त्सूच्या नावावरील ग्रंथात तिला तिच्या रूपापायी पाण्यात बुडावे लागले, एवढाच त्रोटक उल्लेख आहे. मुलींच्या निवडीची आणि प्रशिक्षणाची सविस्तर कथा येते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रंथांत, म्हणजे घटनेनंतर सुमारे पाचशे वर्षांनी. त्याहीनंतर ती फान ली या मुत्सद्द्याबरोबर नावेत बसून सरोवरात निघून गेली, असा सुखान्त तिला लाभला. बुडालेली स्त्री शेवटी नौकाविहाराला गेली.

मग वू राज्य का बुडाले? याचे उत्तर जुन्या इतिवृत्तांत पुरेसे स्पष्ट आहे. फू-छाइला उत्तरेकडील राज्यांचे अग्रपद हवे होते. इ. स. पूर्व ४८६ मध्ये त्याने यांगत्से व ह्वाइ या नद्या जोडणारा कालवा खणविला, ४८४ मध्ये छी राज्यावर मोठी स्वारी केली आणि यूएपासून सावध राहावे असे वारंवार सांगणाऱ्या वू त्सू-शू या वृद्ध मंत्र्यास आत्महत्या करावयास लावली. ४८२ मध्ये तो निवडक सैन्य घेऊन उत्तरेच्या राजमंडळात मानपानासाठी बसला असताना कौ-चिएनने त्याच्या राजधानीवर घाला घातला. हा मनुष्य विलासाने नव्हे, महत्त्वाकांक्षेने बुडाला. अंतःपुरात रमला असता तर कदाचित काही वर्षे अधिक टिकला असता, असे आम्हांस वाटते.

वांग चाओ-चुनची स्थिती निराळी आहे. ती निःसंशय होऊन गेली. इ. स. पूर्व ३३ मध्ये श्युंग-नू या उत्तरेकडील भटक्या लोकांचा अधिपती हू-हान-ये हान सम्राट युआन याच्या दरबारी आला व त्याने जामात होण्याची इच्छा प्रकट केली. सम्राटाने अंतःपुरातील वांग चाओ-चुन त्यास दिली. पान कूच्या ‘हान ग्रंथा’त ही हकीकत मोजक्या शब्दांत नमूद आहे. तिला एक पुत्र झाला. दोन वर्षांनी पती वारला. मग त्या लोकांच्या रीतीप्रमाणे ती पतीच्या दुसऱ्या राणीपासून झालेल्या मुलाची पत्नी झाली आणि तिला दोन मुली झाल्या. तिच्या रूपाविषयी येथे अक्षरही नाही.

पाचव्या शतकात फान ये याने लिहिलेल्या उत्तर हान वंशाच्या इतिहासात चित्र पालटते. अनेक वर्षे सम्राटाची दृष्टभेटही न झाल्याने खिन्न होऊन तिने स्वतःच जाण्याची इच्छा दर्शविली. निरोपाच्या वेळी तिला पाहून सम्राट चकित झाला. परंतु दिलेला शब्द मोडता येईना. पहिल्या पतीच्या मृत्यूनंतर तिने मायदेशी परतण्याची अनुज्ञा मागितली आणि दरबाराने तेथील रीतीप्रमाणे वागण्याची आज्ञा केली, असेही फान ये सांगतो. आमच्या मते या साऱ्या कथेतील खरी करुण गोष्ट हीच आहे. पण लोककथेने ती जवळजवळ टाकून दिली. तिला हवा होता एक खलपुरुष, आणि तो माओ येन-शौ या चित्रकारात सापडला. सम्राट चित्रे पाहून स्त्रिया निवडीत असे, चाओ-चुनने लाच दिली नाही, म्हणून चित्रकाराने तिचे चित्र विरूप काढले, अशी ही आख्यायिका. युआन काळात, म्हणजे चीनवर मोंगलांचे राज्य असताना, मा चिह-युआनने ‘हान प्रासादातील शरद’ या नाटकात आणखी पुढचे पाऊल टाकले. येथे चित्रकार राजद्रोही अमात्य होतो, हान राज्य दुर्बळ व श्युंग-नू प्रबळ होतात आणि चाओ-चुन सीमेवरच्या नदीत उडी घेऊन देह ठेवते. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. हू-हान-येने इ. स. पूर्व ५१ मध्येच हान सम्राटाचे वर्चस्व मान्य केले होते. परंतु मोंगल अमदानीतील चिनी प्रेक्षकास परक्याच्या घरी नांदून मुले वाढविणारी चाओ-चुन नको होती; नदीत उडी घेणारी हवी होती.

याची दुसरी बाजू विसाव्या शतकात दिसते. पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या सूचनेवरून त्साओ यू या नाटककाराने लिहावयास घेतलेले चाओ-चुनवरील नाटक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात ती रडत जात नाही. निरनिराळ्या लोकसमूहांच्या सलोख्यासाठी स्वेच्छेने जाते. ही चाओ-चुन जुन्या इतिहासाला काहीशी अधिक जवळची आहे खरी. कारण तिच्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षे उत्तर सीमा बहुतांशी शांत राहिली आणि तिची एक कन्या पुढे दोन दरबारांतील सलोख्यासाठी झटली. तथापि ती शांतता विवाहापूर्वीच सुरू झाली होती. स्त्रीच्या माथी राज्यनाश मारणे जसे चूक, तसेच साऱ्या शांततेचे श्रेय तिच्या पदरी घालणेही इतिहासाला धरून होणार नाही.

तिआओ-छानविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. कारण ती इतिहासात झालीच नाही. इ. स. १९२ मध्ये तुंग चो या जुलमी सत्ताधीशाचा वध त्याचाच मानलेला पुत्र ल्यू पू याने केला, हे खरे. छेन शौ या तिसऱ्या शतकातील इतिहासकाराने दोघांच्या बेबनावाची कारणे दिली आहेत : रागाच्या भरात तुंग चोने ल्यू पूवर शस्त्र फेकले होते आणि ल्यू पूचे त्याच्या घरातील एका दासीशी गुप्त संबंध असल्याने तो सदैव भयभीत असे. ही अनामिक दासी म्हणजे तिआओ-छानचे सारे ऐतिहासिक भांडवल. तिचे नावसुद्धा दरबारी टोपीवरील दोन भूषणांचे, सेबलचे शेपूट आणि सोन्याचा रातकिडा यांचे, आहे. युआन काळातील गद्यकथेत ती ल्यू पूची ताटातूट झालेली पत्नी आहे. ‘तीन राज्यांची कथा’ या सुप्रसिद्ध कादंबरीत ती वांग युन या मंत्र्याच्या घरची गायिका होऊन त्याच्या सांगण्यावरून दोघांत वैर पेटविते. तिने अत्याचारी माणसाचा काटा काढला. तरीही एका जुन्या नाटकात क्वान यू हा वीर तिचा शिरच्छेद करतो, कारण अशी स्त्री जिवंत राहणे धोक्याचे! जिने राज्य वाचविले तिलाही राज्यनाशिनीचीच शिक्षा, यावरून साचा किती पक्का झाला होता हे दिसते.

चौथी यांग क्वेइ-फेइ. थांग वंशाच्या ज्या राजवटीत ह्यूएनत्संग भारतात येऊन गेला आणि त्याने महाराष्ट्र व पुलकेशी यांचे वर्णन लिहून ठेवले, त्याच वंशातील ही शंभर वर्षांनंतरची घटना आहे. क्वेइ-फेइ हे नाव नव्हे, पदवी आहे. तिचे नाव यांग यू-ह्वान, जन्म ७१९ चा. प्रथम ती श्वान-त्सुंग सम्राटाच्या एका पुत्राची पत्नी होती. ७४० मध्ये तिला ताओ पंथाची दीक्षा देऊन त्या नात्यातून मोकळे करण्यात आले आणि ७४५ मध्ये सम्राटाने तिला स्वतःच्या अंतःपुरात सर्वोच्च पदवी दिली. तेव्हा सम्राट साठीचा होता व ती सव्वीस वर्षांची. ७५५ च्या अखेरीस सेनापती आन लू-शान याने बंड केले. पुढील वर्षी राजधानी छांग-आन सोडून पळताना मा-वेइच्या ठाण्यावर सैनिक बिथरले. त्यांनी तिचा भाऊबंद आणि मुख्यमंत्री यांग क्वो-चुंग यास ठार केले आणि तिच्याही मृत्यूचा हट्ट धरला. सम्राटाने संमती दिली. विश्वासू षंढ सेवक काओ ली-शिह याने तिला तेथील बुद्धमंदिरात नेऊन गळफास दिला. त्या वेळी ती सदतीस वर्षांची होती.

तिच्यामुळे तिच्या नातलगांचे प्रस्थ वाढले, आन लू-शानला तिने मानसपुत्र करून घेतले, आणि तिच्या आवडीची लीची दक्षिणेकडून घोड्यांच्या टप्प्यांनी आणवीत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आन लू-शानच्या हाती ईशान्येकडील तीन लष्करी सुभे व दीड लाखांवर सैन्य कोणी दिले? सम्राटाने. सीमेवरील सेनापतींना कायमची फौज, महसूल आणि मुलकी अधिकार एकत्र देण्याचे धोरण कोणाचे? सम्राट व ली लिन-फू यांसारख्या मंत्र्यांचे. राजधानीच्या वाटेवरील थुंग-क्वान खिंड भक्कमपणे राखून बसलेल्या सेनापतीस बाहेर पडून लढण्याची घातक आज्ञा कोणाची? सम्राटाची, आणि तीही यांग क्वो-चुंगच्या आग्रहावरून. ७५५ मध्ये राज्याच्या दप्तरी सुमारे ५ कोटी २९ लाख लोकांची नोंद होती. ७६४ मध्ये ती १ कोटी ६९ लाखांवर आली. एवढी सारी माणसे मेली असा याचा अर्थ नव्हे. नोंद ठेवणारी यंत्रणाच कोसळली होती. इतका मोठा उत्पात एका स्त्रीच्या गळ्यातील फासाने मिटणे शक्य नव्हते, आणि तो मिटलाही नाही. बंड पुढे ७६३ पर्यंत चालले.

यानंतर पन्नास वर्षांनी, ८०६ मध्ये, मा-वेइपासून जवळच काही मित्र एकत्र जमले असताना या प्रसंगाची आठवण निघाली. त्यातून पाइ च्यू-यीने ‘चिरंतन दुःखाचे गीत’ हे काव्य लिहिले आणि त्याचा मित्र छेन हुंग याने त्याच विषयावर गद्यकथा लिहिली. एकाच बैठकीतून निघालेल्या या दोन कृतींत केवढे अंतर आहे! छेन हुंगने मोहिनी घालणाऱ्या स्त्रियांपासून सावध करण्याचा उद्देश उघड बोलून दाखविला. कवीने मात्र ती पूर्वी सम्राटाची सून होती ही अडचणीची गोष्ट गाळून विरहाचेच गीत गायिले. एकाने तिला धडा केले, दुसऱ्याने प्रतिमा. प्रत्यक्ष स्त्री दोहोंतूनही निसटली. लोकांना तिचा मृत्यू इतका असह्य झाला की ती समुद्रमार्गे जपानला निसटली अशी आख्यायिका तेथे निर्माण झाली आणि आजही तिचे म्हणून एक थडगे जपानमधील यामागुची प्रांतात दाखविले जाते.

चिनी लेखकांपैकी कोणासच हा अन्याय जाणवला नाही असे समजणे चूक होईल. नवव्या शतकातील लो यिन या कवीने शी-शिहची बाजू घेतली. त्याच्या युक्तिवादाचा रोख असा की, वू तिच्यामुळे बुडाले म्हणावे, तर पुढे यूए राज्यही बुडालेच, त्याला कोण जबाबदार? अकराव्या शतकातील मुत्सद्दी कवी वांग आन-शिह याने चाओ-चुनच्या चित्रकारास झालेला देहदंड अन्यायाचा होता असे सुचविले. आणि १९३४ साली लू शुन या थोर लेखकाने लिहिले की, चाओ-चुनने सीमा राखली किंवा शी-शिहने वू बुडविले या गोष्टींवर आपला कधीच विश्वास बसला नाही. ज्या समाजात पुरुषाची सत्ता आहे तेथे स्त्रीच्या अंगी एवढे सामर्थ्य कोठून येणार, आणि दोष तिच्यावर ढकलणारे लेखक तरी कोण?

हा प्रश्न आपल्यासही नवा वाटू नये. १३०३ मध्ये अल्लाउद्दीनाने चितोड घेतले तेव्हा अमीर खुसरो त्याच्याबरोबर होता. त्याच्या वृत्तान्तात पद्मिनीची कथा नाही. ती येते जायसीच्या १५४० मधील काव्यात. काव्य म्हणून त्या ग्रंथाची योग्यता यामुळे कमी होत नाही. बखर आणि समकालीन पत्र यांत भेद करावयास मराठी अभ्यासक पूर्वीच शिकले आहेत. तोच विवेक येथे लागू करावयाचा आहे.

मग या कथा वर्गात सांगू नयेत काय? आमचे मत तसे नाही. त्या अवश्य सांगाव्यात. मात्र कोणती गोष्ट केव्हा लिहिली गेली, ते सांगून सांगाव्यात. या चौघींच्या बाबतीत एक नियम स्पष्ट दिसतो : साधन जितके घटनेच्या जवळचे, तितका मजकूर त्रोटक, जितके दूरचे, तितका तो विस्तृत. वाढलेला मजकूर त्या स्त्रीविषयी फारसे सांगत नाही. तो लिहिणाऱ्याच्या काळाविषयी, त्याच्या भीतीविषयी आणि त्याच्या आशेविषयी पुष्कळ सांगतो. म्हणून लोककथा हेही इतिहासाचे साधन आहे. फक्त ती ज्या काळाचे नाव घेते त्याचे नव्हे, तर ज्या काळी रचली गेली त्याचे. एवढे समजलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही राज्याच्या नाशाची कथा ऐकताना प्रथम खजिन्याचा, सैन्याचा आणि राजाच्या आज्ञांचा हिशेब मागेल. मा-वेइच्या ठाण्यावर ज्या स्त्रीला कोणी आपली बाजू मांडू दिली नाही, तिला इतक्या शतकांनंतर एवढा तरी न्याय मिळावा.